राजेळीचे कॅरिबियन भाऊबंद

केळं म्हणजे फळ, हे आपण गृहीत धरून चालतो. जेवण झाल्यावर खायचं, उपवासाला खायचं, नाहीतर शिकरण करायचं. पण क्युबा, पोर्तो रिको, जमैका किंवा डॉमिनिकन प्रजासत्ताकात केळं हे आधी जेवण आहे, मग फळ. कच्च्या केळ्याचे जाड तुकडे तळायचे, दाबून चपटे करायचे, पुन्हा तळायचे आणि वर मीठ भुरभुरायचं, की झाले 'तोस्तोनेस'. तेच तळलेलं केळं लसूण घालून लाकडी उखळात कुटलं की पोर्तो रिकोचं 'मोफोंगो'. उकडून घोटलं की डॉमिनिकन न्याहारीतलं 'मांगू'. आणि साल काळी पडेपर्यंत पिकू दिलेल्या केळ्याचे तळलेले गोड काप म्हणजे 'मादुरोस'.

या केळ्याला इंग्रजीत प्लॅन्टेन म्हणतात. नाव परकं वाटतं, पण त्याचे भाऊबंद पापडीपासून आगाशीपर्यंतच्या वाड्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढले आहेत. वसईची राजेळी ही त्याच कुळातली. लांब, कोनदार, जाड सालीची आणि पिठूळ गराची. केरळातलं नेंद्रन तिचं जवळचं नातेवाईक. वसईचं केळं जहाजात बसून कॅरिबियनला गेलं, असं मी म्हणत नाही. एकाच कुळाच्या दोन शाखा दोन दिशांना गेल्या आणि दोघींचं नशीब वेगळं निघालं, इतकंच.

केळीचं मूळ घर न्यू गिनी आणि आग्नेय आशियात. तिथून ती भारतात आली, आफ्रिकेत गेली. पश्चिमेकडच्या तिच्या प्रवासात अरबांचा मोठा वाटा आहे. अरबीत केळ्याला 'मौझ' म्हणतात. शास्त्रीय नावातलं 'मुसा' याच शब्दावरून आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कुरआनच्या सूरह वाकिआमध्ये जन्नतच्या वर्णनात 'तल्ह' हा शब्द येतो. अनेक भाष्यकारांनी त्याचा अर्थ केळ असा लावला आहे. काहींच्या मते ते बाभळीच्या जातीचं झाड. गंमत अशी, की १७५३ मध्ये लिनिअसने केळीला जे नाव दिलं त्यातही स्वर्ग आहेच: मुसा पॅराडिसियाका.

१५१६ मध्ये तोमास दे बेर्लांगा या स्पॅनिश धर्मगुरूने कॅनरी बेटांवरून केळीची रोपं सांतो दोमिंगोला नेली, अशी नोंद इतिहासकार ओव्हिएदोने केली आहे. पुढे ऊसमळ्यांवर राबवण्यासाठी आफ्रिकेतून लाखो माणसं गुलाम करून आणली गेली. त्यांना केळं ओळखीचं होतं, उखळात कुटून खायची रीतही. मळेवाल्यांनाही हे पीक सोयीचं होतं, कारण लावलं की मुनवे फुटत राहतात आणि वर्षभर पोट भरतं. १७८० ते १७८७ या काळात जमैकावर एकामागून एक वादळं आली. केळी आडव्या झाल्या आणि उपासमारीत व त्यातून आलेल्या रोगांत सुमारे १५,००० गुलाम मेले, असा तेव्हाचा अंदाज होता. केळीवर माणसाचा जीव अवलंबून असणं म्हणजे काय, ते या आकड्यात दिसतं.

इकडे वसईत वेगळी गोष्ट घडत होती. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. सत्ता बदलल्या, पण बावखलांत साठलेल्या पावसाच्या पाण्यावर आणि विहिरींवरच्या रहाटांवर वाड्या चालत राहिल्या. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ऑर्ताने दख्खन आणि गुजरातेत केळ्याला काय म्हणतात ते लिहून ठेवलं आहे. तो शब्द आपल्या 'केळी'चाच.

वसईकराचं पोट भातावर भरत होतं. त्यामुळे केळ्याला भाकरीची जागा घ्यावी लागली नाही. ते बाजाराचं पीक झालं. पिकलेली राजेळी सोलायची, काही दिवस उन्हात वाळवायची, संध्याकाळी आत घ्यायची आणि शेवटी केळीच्याच सुक्या पानात बांधायची. ही सुकेळी. साखरेचा कण न घालता मधासारखी गोड. आगाशीची ताजी आणि सुकी केळी मुंबईत जिल्ह्यातली सर्वोत्तम समजली जातात, असं १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये म्हटलं आहे. त्याआधीच, १८६७ मध्ये, विरारहून मुंबईला लोकल सुरू झाली होती.

तीच रेल्वे पुढे मुंबईकरांना वसईत घेऊन आली. वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, बावखलं बुजली, विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. राजेळीला गोडं पाणी लागतं आणि घड यायला वर्षाहून जास्त काळ लागतो. तेवढा धीर धरणं बागायतदाराला परवडत नाही. सुकेळी करणारी घरं आता मोजकीच उरली आहेत.

मला वाटतं, फरक इथेच आहे. कॅरिबियनमध्ये गुलामीच्या काळात प्लॅन्टेनवाचून पोट भरत नव्हतं, म्हणून त्याने रोजच्या ताटात जागा मिळवली आणि आज तो तिथल्या लोकांच्या अभिमानाचा पदार्थ आहे. आपण राजेळीला मेवा केलं. मेवा वर्षातून एकदा आठवला तरी चालतं, आणि ज्याची रोज आठवण होत नाही ते पीक गुपचूप निघून जातं.

खरं तर तोस्तोनेस आणि मादुरोस आपल्याकडेही आहेतच. कच्च्या केळ्याची तांदळाच्या पिठात घोळवून तळलेली तिखट कापं आणि पिकलेल्या राजेळीचे तुपात परतलेले गोड काप, दोन्ही कोकणातल्या घरांत होत आले आहेत. वसईच्या बाजारात राजेळीचा घड दिसला, तर सुकेळीच्या मोसमाची वाट न पाहता चार केळी कच्चीच घ्या. वाडी वाचवण्यासाठी मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. ती हवीतच. पण वाडीत काय लावायचं ते शेवटी गिऱ्हाईक ठरवतं.