सर्वश्रेष्ठ मालिका कोणती? एका फौजीची यादी

आजचा विषय रणांगणावरचा नाही, दिवाणखान्यातला आहे. पण त्यावरून आमच्या घरात झालेलं भांडण अस्सल होतं, म्हणून सांगतो.

मागच्या दिवाळीत इंदूरला भाच्याकडे जेवायला गेलो होतो. पुरणपोळी संपता संपता विषय निघाला, जगातली सगळ्यांत श्रेष्ठ टीव्ही मालिका कोणती? भाचा म्हणाला, “मामा, यात वाद कसला? ‘द सोप्रानोज’. अमेरिकेतल्या पटकथालेखकांच्या संघटनेनं २०१३ साली तिला पहिला क्रमांक दिला, २०१६ मध्ये ‘रोलिंग स्टोन’नंही दिला.” त्याची बायको ताटावरून न उठताच म्हणाली, “महाभारत. बाकी सगळं नंतर.” मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी ‘तमस’ म्हणालो, आणि दोघंही एकदम माझ्याविरुद्ध गेले.

‘सोप्रानोज’ मी पाहिली आहे. न्यू जर्सीतला गुंडांचा म्होरक्या मानसोपचार घेतो, ही कल्पनाच जबरदस्त. तिला खाली ओढण्याचं मला कारण नाही. पण या याद्या बनवणाऱ्यांनी आपल्याकडचं काही पाहिलेलं नसतं. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: त्यांच्याकडचा प्रेक्षक पन्नास वाहिन्यांतून एक निवडत होता, वर पैसे मोजत होता. आपला १९८० च्या दशकातला प्रेक्षक काहीच निवडत नव्हता. समोर येईल ते पाहत होता. दोघांना एकच फूटपट्टी कशी लावायची?

ही परिस्थिती कशी आली, ते थोडक्यात सांगतो. दिल्लीत टीव्ही सुरू झाला १५ सप्टेंबर १९५९ ला, तोही प्रयोग म्हणून. मुंबई केंद्र आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. १९७५-७६ मध्ये अमेरिकेचा उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. १९८२ मध्ये रंग आला, दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आशियाई खेळ आले. १९८४ मध्ये तर काही महिने जवळपास रोज एक नवं प्रक्षेपण केंद्र उघडत होतं. त्याच वर्षी ७ जुलैला ‘हम लोग’ सुरू झाली. लेखन मनोहर श्याम जोशींचं, आणि शेवटी अशोककुमार येऊन आजोबांसारखे चार शब्द सांगायचे. मूळ कल्पना मेक्सिकोतली होती, मालिकेतून कुटुंबनियोजन शिकवण्याची. शिकवणं मागे पडलं आणि लोक बडकी-छुटकीच्या घरात राहायला गेले. जोशींचीच ‘बुनियाद’ त्याहून सरस, असं माझं मत. पण आज तिच्यात अडकलो तर पुढे सरकणार नाही.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचं यात एक वेगळं दुःख होतं. मुंबई केंद्रावर ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ गाजत होते. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे घरोघरी पोचले होते. पण इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मराठी घरांत त्यातलं काहीच दिसत नव्हतं. मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी आली थेट १९९४ मध्ये. त्यामुळे तुमच्यापैकी साठीच्या पुढच्या अनेकांच्या टीव्हीच्या आठवणी हिंदीत आहेत. माझ्याही आहेत, फक्त त्या घरातल्या नाहीत, रेजिमेंटच्या रिक्रिएशन रूममधल्या आहेत.

‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं, तेव्हा मी रणगाडा दलात तरुण कॅप्टन होतो. रविवारी सकाळी आमच्या टँक पार्कात पाखरू दिसत नसे. हे कौतुक मी डोळ्यांनी पाहिलं आहे, त्यामुळे त्याला हसणाऱ्यांतला मी नाही. पण त्या गर्दीवरून श्रेष्ठता ठरवायला मी तयार नव्हतो. एकच वाहिनी असली की गर्दी होणारच, लंगरात एकच भाजी असली की ती संपतेच. हे वाक्य मी इंदूरला मोठ्या ऐटीत टाकलं. भाचेसुनेनं शांतपणे विचारलं, “मामा, मग २०२० चं काय?” टाळेबंदीत ‘रामायण’ पुन्हा दाखवलं, तेव्हा शेकडो वाहिन्या होत्या, मोबाइल होते, आणि तरी १६ एप्रिलला ७ कोटी ७० लाख लोकांनी ते पाहिल्याचं दूरदर्शननं जाहीर केलं. तिचा मुद्दा बिनतोड होता. भाजीची उपमा मी मागे घेतली.

‘महाभारता’ला मात्र मी मनापासून मानतो. राही मासूम रझांचे संवाद, काळालाच निवेदक करण्याची युक्ती, नितीश भारद्वाजचा कृष्ण. लढायांबद्दल न बोललेलं बरं. अठरा अक्षौहिणी सैन्य आणि कुणाला फळी धरता येत नाही! दोन बाण हवेत एकमेकांवर आपटतात आणि बाकीची सेना उभी राहून बघते. आमचे एक दफेदार दर रविवारी म्हणायचे, “साहब, इनका ट्रेनिंग किसने किया?” पुढे एका निवृत्त कर्नलनं दिग्दर्शित केलेली ‘फौजी’ आली, तेव्हा त्यांना ट्रेनिंग पसंत पडलं, पण शाहरुख खानचे केस बघून ते दोन दिवस अस्वस्थ होते.

आता माझ्या पहिल्या क्रमांकाकडे येतो. इथे माझी स्वतःची एक चूक सांगावी लागेल.

जानेवारी १९८८. आम्ही पंजाबात होतो. बाहेर दहशतवाद पेटलेला होता. आत एकाच रेजिमेंटमध्ये शीख होते, जाट होते, राजस्थानातले मुसलमान जवान होते. करमणुकीची जबाबदारी, म्हणजे टीव्ही, अँटेना आणि खोलीची किल्ली, माझ्याकडे होती. भीष्म साहनींच्या साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या कादंबरीवर गोविंद निहलानींनी ‘तमस’ केली होती. फाळणीआधीच्या पंजाबातली दंगल. नथू नावाच्या चांभाराकडून खोटं सांगून डुक्कर मारून घेतलं जातं, सकाळी ते मशिदीच्या पायरीवर सापडतं, आणि शहर पेटतं. वर्तमानपत्रांत गदारोळ सुरू झाला होता. निहलानींना धमक्या येत होत्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं होतं.

मी ठरवलं, नको ही भानगड. उघड बंदी घालायची हिंमत नव्हती, म्हणून नियमाचा आडोसा घेतला. मालिका रात्री उशिरा लागायची, आणि आमच्याकडे दिवे मालवायची वेळ ठरलेली. त्या रात्री मी खोलीला वेळेवर कुलूप लावलं. एरवी क्रिकेटच्या सामन्याला मीच ते उशिरापर्यंत उघडं ठेवत असे.

दुसऱ्या दिवशी आमचे एक रिसालदार साहेब भेटायला आले. शीख, पन्नाशीच्या जवळ पोचलेले, निवृत्तीला थोडे महिने राहिलेले. उभ्यानंच म्हणाले, “साहब, वो प्रोग्राम मुझे देखना है. अकेला बैठ के देख लूँगा.” मी विचारलं, का? ते म्हणाले, रावळपिंडीकडचं गाव होतं, सात वर्षांचा होतो. एवढंच.

मी कमांडिंग ऑफिसरांकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “या पोरांच्या हाती आपण रणगाडे दिलेत. टीव्ही देताना भीती वाटते?” किल्ली परत फिरली. खोली उघडी राहिली, ज्याला यायचं तो येईल, असं ठरलं.

नेमका हाच प्रश्न त्याच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयापुढे होता, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. मालिका थांबवावी म्हणून याचिका झाली होती, आधी स्थगितीही मिळाली होती. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी काय केलं असेल? मालिका स्वतः बसून पाहिली. पाहिली आणि स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथेही फेब्रुवारीत याचिका फेटाळली गेली. त्या निकालातली कसोटी मला फार आवडते: एखाद्या कलाकृतीचा परिणाम जोखताना डळमळीत मनाचा, प्रत्येक गोष्टीत धोका हुंगणारा माणूस समोर धरायचा नाही, समंजस, खंबीर माणूस धरायचा. ही कसोटी मुळात आली होती नागपूर उच्च न्यायालयातून, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्या १९४० च्या दशकातल्या एका निकालातून. किल्ली खिशात घालून फिरणारा तो कॅप्टन पहिल्या प्रकारात मोडत होता, हे मला कबूल करायला हवं.

खोलीत चाळीसएक जण असायचे. ‘रामायणा’ला दोनशे यायचे. कुणी हार घालत नव्हतं, कुणी शिट्टी मारत नव्हतं. शीख बायका एकामागून एक विहिरीत उड्या घेतात, तो भाग तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. तो कल्पनेतला नाही. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडीजवळच्या थोहा खालसा गावी तसं घडलं होतं. तो भाग संपल्यावर रिसालदार साहेब उठले नाहीत. त्यांच्या शेजारी आमचा एक राजस्थानी मुसलमान दफेदार होता. त्यानं टीव्ही बंद केला, आणि तोही परत येऊन बसला. मी दारात उभा होतो. काही बोलावंसं वाटलं, पण शब्द नव्हते. शेवटी दिवा तसाच ठेवून निघून आलो.

सकाळी टँक पार्कात रिसालदार साहेबांनी मला सांगितलं, की त्यांच्या मोठ्या बहिणीचं असंच झालं होतं. घरी बायकोला माहीत होतं, मुलांना नव्हतं. “अब बता दूँगा. अब वो पूछेंगे भी.” म्हणजे मुलांनीही गावाकडे ते पाहिलं होतं.

दंगल वगैरे आमच्याकडे काही झाली नाही. त्या आठवड्यात शिस्तभंगाची एकच नोंद होती, रजेवरून उशिरा आलेल्या एका सवाराची.

यात अभिनय, दिग्दर्शन हे सगळं आलंच. ओम पुरींचा नथू, दीना पाठक, आणि हरनामसिंगच्या भूमिकेत खुद्द भीष्म साहनी. वनराज भाटियांचं संगीत तर अंगावर येतं. पण माझी कसोटी वेगळी आहे. एकच वाहिनी असताना लोकांना हवं ते दाखवणं सोपं असतं. सरकारी वाहिनीनं, लोकांनी न मागितलेलं, चाळीस वर्षं घराघरांत झाकून ठेवलेलं समोर आणलं, तेही आग लागलेली असताना. माझ्या लेखी त्याहून मोठं काम आपल्या टीव्हीनं केलेलं नाही.

दुसऱ्या क्रमांकावर ‘भारत एक खोज’. श्याम बेनेगलांचे ५३ भाग, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून. म्हणजे ‘महाभारत’ सुरू झाल्यानंतर दीड महिन्यानं. एका वर्षात आपल्याला ही तिन्ही मिळाली, यावर विश्वास बसत नाही. पुढे माझी बदली अहमदनगरला झाली. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र तिथेच, आणि किल्लाही लष्कराच्या ताब्यात. नेहरूंनी ज्या खोलीत १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ते पुस्तक लिहिलं, ती मी अनेक पाहुण्यांना दाखवली आहे. खोली साधी आहे, पाहुण्यांची निराशाच होते. मालिकेत नसीरुद्दीन शाह शिवाजी महाराज झाले, ओम पुरी औरंगजेब. आणि महात्मा फुल्यांच्या भागात सदाशिव अमरापूरकर, जे स्वतः नगरचेच. बिहारच्या, केरळच्या प्रेक्षकांपैकी कित्येकांनी जोतीरावांना पहिल्यांदा पाहिलं ते या नगरकराच्या चेहऱ्यात. काही भाग संथ आहेत, नाटकी आहेत, हे मान्य. म्हणूनच दुसरा क्रमांक.

तिसरं ‘महाभारत’, चौथी ‘बुनियाद’. ‘सोप्रानोज’ कुठे बसवायची यावर भाच्याशी अजून वाटाघाटी चालू आहेत. त्यानं मध्यंतरी ‘तमस’चा पहिला भाग मोबाइलवर पाहिला. डुक्कर मारण्याच्या प्रसंगाशी थांबला, म्हणाला, पुढचं सुट्टीत बघतो. भाचेसुनेची यादी आहे तशीच आहे. फक्त परवा फोनवर तिनं विचारलं, “मामा, त्या रिसालदारांच्या बहिणीचं नाव काय होतं?” मी तेव्हा विचारलं नव्हतं.