पायथनमध्ये हवामान सिनारिओचे व्हेरिएबल्स एकत्र कसे करायचे? 'पायम'च्या ॲग्रिगेट फंक्शनची ओळख

'नेट झिरो', 'दीड अंशाची मर्यादा' हे शब्द आपण बातम्यांत सारखे ऐकतो. त्यामागे कॉम्प्युटर मॉडेल्सनी काढलेले भविष्यातले वेगवेगळे मार्ग असतात. त्यांनाच सिनारिओ म्हणतात. यातला बराचसा डेटा सर्वांसाठी खुला आहे. लॅपटॉप नसला तरी मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गूगल कोलॅब उघडून तुम्ही तो तपासू शकता. पण या डेटात बेरीज चुकली तर निष्कर्षच उलटा निघू शकतो. म्हणून ही बेरीज कशी करायची ते समजून घेऊया.

हा डेटा असतो कसा?

संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या संस्थेच्या सहाव्या अहवालासाठी जमवलेले सिनारिओ ऑस्ट्रियातल्या 'आयआयएएसए' या संशोधन संस्थेच्या डेटाबेसमध्ये ठेवलेले आहेत. तपासणीत पास होऊन ज्यांच्या तापमानवाढीचा अंदाज काढता आला, असे सिनारिओ १,२०२ आहेत.

प्रत्येक ओळीत पाच गोष्टी असतात: मॉडेल, सिनारिओ, प्रदेश, व्हेरिएबल आणि एकक. त्यांच्यापुढे वर्षांनुसार आकडे. व्हेरिएबलचं नाव फोनमधल्या फोल्डरसारखं वाचायचं. 'एमिशन्स|सीओटू' म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं एकूण उत्सर्जन, आणि 'एमिशन्स|सीओटू|एनर्जी' म्हणजे त्यातला ऊर्जेचा वाटा. मधली उभी रेघ सांगते की आपण एक पायरी आत गेलो. (कोडमध्ये ही नावं अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायची.)

ॲग्रिगेट फंक्शन काय करतं?

हा डेटा हाताळण्यासाठी पायथनमध्ये 'पायम' नावाचं मोफत पॅकेज आहे. पिपने इन्स्टॉल करताना त्याचं नाव 'पायम-आयएएमसी' असं द्यावं लागतं. यातल्या ॲग्रिगेट फंक्शनला तुम्ही एकूण व्हेरिएबलचं नाव दिलं की ते त्याच्या एक पायरी खालचे सगळे घटक शोधतं आणि बेरीज करून देतं. ही बेरीज प्रत्येक मॉडेल, सिनारिओ, प्रदेश आणि वर्षासाठी वेगवेगळी होते. 'अपेंड' हा पर्याय ट्रू ठेवला तर उत्तर मूळ डेटातच जोडलं जातं, नाहीतर वेगळं मिळतं.

वाचायला सोपं आहे, पण खरी गंमत पुढे आहे.

दुहेरी मोजणी: सगळ्यात मोठा धोका

समजा, एका सिनारिओत एका वर्षाचे आकडे असे आहेत (दशलक्ष टनांत):

- ऊर्जा: ३३,०००
- औद्योगिक प्रक्रिया: ३,०००
- ऊर्जा आणि औद्योगिक प्रक्रिया मिळून: ३६,०००
- शेती, जंगल आणि जमीन: ४,०००

एकूण किती? ३६,००० अधिक ४,००० म्हणजे ४०,०००. पण नावांच्या रचनेत हे चारही व्हेरिएबल्स एकाच पायरीवर आहेत. त्यामुळे फंक्शनला काहीच न सांगता बेरीज करायला लावलं तर ते चारही आकडे मिळवून ७६,००० असं उत्तर देईल. एररही येणार नाही. तिसरा आकडा पहिल्या दोघांचीच बेरीज आहे, हे फंक्शनला कळत नाही. ते फक्त नावातल्या उभ्या रेघा बघतं.

उपाय सोपा आहे. 'कंपोनंट्स' या पर्यायात कोणते घटक मिळवायचे त्यांची यादी स्वतः द्या. इथे फक्त शेवटचे दोन दिले की काम झालं.

घटकच गायब असेल तर?

प्रत्येक मॉडेल सगळी माहिती देतंच असं नाही. एखाद्या सिनारिओत जमिनीचा आकडा नसेल, तर ॲग्रिगेट उरलेल्याचीच बेरीज करून मोकळं होतं. मग तो सिनारिओ उगाचच जास्त स्वच्छ दिसतो. जंगलं वाढल्यामुळे जमिनीचा आकडा उणे असेल, तर उलट जास्त प्रदूषण करणारा दिसतो. म्हणून आधी 'रिक्वायर डेटा' वापरून कोणत्या सिनारिओत काय नाही ते शोधा, आणि ते बाजूला ठेवा.

वेगवेगळे वायू मिळवताना

एक टन मिथेन आणि एक टन कार्बन डायऑक्साइड सरळ मिळवता येत नाहीत, कारण मिथेन टनामागे कितीतरी जास्त उष्णता अडवतो. आधी 'कन्व्हर्ट युनिट' वापरून दोघांना एका मापात आणा. इथे कोणत्या अहवालाचा गुणक वापरायचा तेही सांगावं लागतं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनसाठी चौथ्या अहवालात गुणक २५ होता, पाचव्यात २८. म्हणजे ३५० दशलक्ष टन मिथेनचे एकदा ८,७५० होतात आणि एकदा ९,८००. दोन चार्ट्सची तुलना करताना दोन्हीकडे गुणक एकच आहे ना, हे बघाच.

प्रत्येक गोष्टीची बेरीज करू नका

उत्सर्जन, वीज, लोकसंख्या यांची बेरीज होते. किंमत किंवा तापमानाची होत नाही. पाच प्रदेशांतली कार्बनची किंमत मिळवून जगाची किंमत निघत नाही. तिथे 'ॲग्रिगेट रीजन'मध्ये 'वेट' म्हणून उत्सर्जन देऊन भारित सरासरी काढतात. माणशी उत्सर्जन हवं असेल तर 'डिव्हाइड' आहे.

शेवटी पडताळणी

मॉडेलने एकूण आकडा स्वतःच दिलेला असेल तर 'चेक ॲग्रिगेट' वापरा. घटकांची बेरीज आणि दिलेला एकूण आकडा जिथे जुळत नाही, तेवढ्याच ओळी ते दाखवतं. इथेही घटकांची यादी द्यायला विसरू नका.

एवढी काळजी कशाला? आयपीसीसीनुसार, तापमानवाढ दीड अंशावर रोखणाऱ्या, म्हणजे ही मर्यादा न ओलांडणाऱ्या किंवा थोडीशीच ओलांडणाऱ्या मार्गांत जगाचं कार्बन डायऑक्साइडचं नक्त उत्सर्जन २०५० च्या दशकाच्या सुरुवातीला शून्यावर येतं. मिथेनसकट सगळे हरितगृह वायू धरले तर तो क्षण बराच पुढे जातो, आणि काही मार्गांत या शतकात येतच नाही. त्यामुळे पुढच्या वेळी 'नेट झिरो'चा चार्ट दिसला की आधी एकच विचारा: या बेरजेत काय काय धरलंय?