तगाई ते सन्मान निधी : एका परिभाषेचा इतिहास

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यात वारंगा फाटा येथे नांदेडहून येणारा रस्ता दुभंगतो. एक वाट हिंगोलीकडे जाते, दुसरी हदगाववरून पैनगंगेपलीकडे उमरखेडास. हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. 1956 मध्ये तो मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा 1999 मध्ये झाला. या काळात शेतकऱ्यास मिळणाऱ्या सरकारी पैशाचे नावही पालटत गेले. त्या नावांचा क्रम लावून पाहणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

पहिला शब्द ‘तगाई’. मूळ अरबी ‘तकावी’. त्याचा धात्वर्थ बळ देणे असा आहे. स्वरमध्य ककाराचा गकार आणि ईकारापूर्वीच्या वकाराचा लोप होऊन मराठी रूप सिद्ध झाले. ‘तग धरणे’ या प्रयोगाशी त्याचा व्युत्पत्तीने संबंध नसला, तरी मराठी कानास तो जाणवल्यावाचून राहत नाही. पेशवेकालीन दप्तरांत बी-बियाणे व बैल यांसाठी तगाई दिल्याचे उल्लेख येतात. हे दान नव्हे. पीक हाती आल्यावर फेडावयाची उचल होय.

ब्रिटिश हिंदुस्थानात याच व्यवहारास 1883 चा जमीनसुधारणा कर्जाचा कायदा व 1884 चा शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा यांनी विधिरूप दिले. वसुली जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे होई. म्हणजे अट कठोरच. परंतु 1884 च्या कायद्यात कर्जास पात्र कोण, तर शेतजमिनीचे मालक आणि ताबेदार, असे दोघेही होते.

नंतरचा शब्द ‘माफी’. जुन्या कारभारात ती साऱ्याची सूट होती. आधुनिक मराठीत मात्र माफी अपराधाचीच असते. म्हणूनच शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘कर्जमुक्ती’ या शब्दाचा आग्रह धरला. 2008 च्या केंद्रीय योजनेस लोक ‘कर्जमाफी’ म्हणत. राज्याच्या 2017 च्या योजनेच्या नावात ‘सन्मान’ आला, तर 2019 च्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ आली. 2019 मध्येच केंद्राचा ‘किसान सन्मान निधी’ सुरू झाला : वर्षास 6,000 रुपये, तीन हप्त्यांत. 2023 मध्ये राज्याने ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’द्वारे तेवढीच भर घातली. ही रक्कम परत करावयाची नाही, तिचा विनियोगही विचारला जात नाही.

शब्द असा बळापासून सन्मानापर्यंत चढत आला. पात्रता मात्र उलट दिशेने आकुंचन पावली. सन्मान निधीसाठी जमीन अभिलेखात आपल्या नावे असावी लागते; नुसते कसणे पुरत नाही. मराठवाड्यात 1950 च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने ‘संरक्षित कूळ’ मान्य केले. पुढे कूळ लागेल या धास्तीने बटईचा व्यवहार तोंडीच ठेवण्याची रीत पडली. त्यामुळे बटईदाराचे नाव कागदावर चढत नाही. कागद घरातील पुरुषाच्या नावे असल्यास निंदणी-खुरपणी करणाऱ्या स्त्रीचेही तसेच होते.

तगाईच्या शब्दात ऋण होते. तरी तिच्या कायद्यात ताबेदारास जागा होती. सन्मानाच्या शब्दात ऋण नाही. पण सन्मान कोणाचा, हे सातबारा ठरवतो. परिभाषेचा अभ्यास शब्दापाशी थांबून चालत नाही. त्या शब्दाखाली कोणाचे नाव लिहिले जाते, तेही वाचावे लागते.