जनाबाईंचे गंगाखेड : नदीकाठ, शाळा आणि वस्ती

परभणीहून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर, गोदावरीच्या दक्षिण तीरावर गंगाखेड वसलेले आहे. मराठवाड्यात गोदावरीला गंगाच म्हणतात. गावाचे नावही तिच्यावरूनच पडले. ‘दक्षिण काशी’ अशीही या गावाची ख्याती आहे. तालुक्याचे ठिकाण, नगरपरिषद आणि परभणी-परळी लोहमार्गावरील स्थानक यांमुळे परिसरातील खेड्यांचा येथे सतत राबता असतो.

संत जनाबाईंचे जन्मस्थान ही गंगाखेडची पहिली ओळख. दमा आणि करुंड या दाम्पत्याच्या पोटी जन्मलेल्या जनाबाई बालवयातच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला राहिल्या, असे परंपरा सांगते. दळण-कांडण करता करता त्यांनी रचलेले सुमारे साडेतीनशे अभंग नामदेव गाथेत समाविष्ट आहेत. गंगाखेडला त्यांचे मंदिर आहे. आषाढी वारीत शेगावहून निघणारी श्री गजानन महाराजांची पालखी येथूनच परळीकडे मार्गस्थ होते.

शिक्षणाची वाटचाल

१९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मुक्तीनंतर मराठी शाळांचा विस्तार झाला. औरंगाबादला १९५८ मध्ये, तर नांदेडला १९९४ मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्याने पदवीची वाट जवळ आली. आज जनाबाईंच्याच नावाचे महाविद्यालय गावात आहे. तरीही दहावीनंतर अनेक पालक मुलांना लातूर, नांदेडला पाठवितात. छोट्या गावातील स्वस्ताईचा हिशेब तेथेच बिघडतो.

तालुक्याच्या डोंगराळ भागातील प्रश्न अधिक बिकट आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी कुटुंबे बाहेर पडतात आणि मुलांची शाळा मध्येच तुटते. त्यासाठी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली. लहानपणीच परक्या घरी राबायला गेलेल्या जनाबाईंच्या गावी या प्रश्नाचे मोल वेगळे सांगावयास नको.

घाट हेच अंगण

महानगरातील रहिवासी ज्यासाठी उद्यान शोधतो, ते येथे नदीकाठ देतो. पहाटेचे स्नान, सायंकाळचा फेरफटका, पर्वणीची गर्दी हे सारे घाटावरच. मात्र पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारे पात्र उन्हाळ्यात आटते आणि वाळूचा उपसा त्याला अधिकच खोल ओरबाडतो. नदीकाठच्या गावालाही पिण्याच्या पाण्यासाठी मासोळी प्रकल्पाकडे पाहावे लागते.

गंगाखेडला स्थायिक होऊ इच्छिणाऱ्याने म्हणूनच दोन गोष्टी आधी पाहाव्यात : मे महिन्यातील पाणी आणि दिवाळीनंतर वर्गात उरलेली मुले. तीर्थक्षेत्राचा लौकिक या गावाला वारशाने मिळाला आहे; राहण्याजोगे गाव हा लौकिक मात्र या दोहोंवरच ठरेल.