वाडकर, दत्ताराम

(१९२९ – ८ जून २००७). हिंदी चित्रपटसंगीतातील ढोलक व तबलावादक, शंकर-जयकिशन या संगीतकारद्वयाचे तालविभागातील सहायक आणि स्वतंत्र संगीतकार. त्यांचा जन्म गोव्यात झाला. १९४२ च्या सुमारास कुटुंब मुंबईस आल्यानंतर त्यांनी पंढरीनाथ नागेशकर यांच्याकडे तबल्याचे शिक्षण घेतले. व्यायामाच्या आवडीमुळे ते ज्या व्यायामशाळेत जात, तेथे शंकरही येत असत, आणि या ओळखीतूनच त्यांचा पृथ्वी थिएटर्सशी संबंध आला. पृथ्वीराज कपूर यांच्या या नाटकमंडळीचे प्रयोग गिरगावातील ऑपेरा हाउसमध्ये होत आणि तिच्या वाद्यवृंदात शंकर तबला, तर जयकिशन हार्मोनियम वाजवीत. तबलावादकच संगीतकार झाल्यामुळे शंकर-जयकिशन यांच्या संगीतात तालाला पहिल्यापासून मोठा मान मिळाला, आणि ती बाजू आवारा (१९५१) च्या काळापासून दत्ताराम यांनी सांभाळली.

शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदाचे काम दोन परंपरांत वाटलेले होते. व्हायोलिन, चेलो, सॅक्सोफोन या वाद्यांच्या जागा वाद्यवृंद-संयोजक सॅबॅस्टियन डिसोझा स्टाफ-स्वरलेखनात, म्हणजे पाच रेघांवर स्वर मांडण्याच्या पाश्चात्त्य पद्धतीने, लिहून देत आणि ते वाचून वाजविणाऱ्यांत गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा भरणा असे. तालवादकांपुढे बहुधा असा कागद नसे. दत्ताराम यांनी बोल तोंडाने म्हणून दाखवावेत आणि ऐकणाऱ्याने ते हातात उतरवावेत, हा तबल्याच्या तालमीचाच रिवाज तेथेही चालत असे.

ठेका म्हणजे तालाच्या मात्रांवर बसविलेला, आवर्तनागणिक परतणारा बोलांचा साचा. आठ मात्रांच्या केरव्याला दत्ताराम यांनी जी उसळती, झुलती चाल दिली, तिला वादकांमध्ये ‘दत्तू ठेका’ हे नाव पडले. परवरिश (१९५८) मधील आनंदी युगुलगीतात आणि जिस देश में गंगा बहती है (१९६०) मधील नायकाच्या ओळखगीतात तो स्पष्ट ऐकू येतो. दत्ताराम वाजवीत ते ढोलक ढोलकीहून थोडे वेगळे. ढोलकीच्या उजव्या तोंडावर शाईचा काळा लेप असतो, ढोलकच्या नसतो; मात्र दोन्ही वाद्यांच्या डाव्या तोंडाला आतून मसाला लावलेला असतो आणि त्यामुळे आघाताला घुमारा येतो. हा घुमाराच गाण्याचा तळ धरतो. पाश्चात्त्य चमूत हेच काम बास गिटारकडे असते.   चित्रपटांतील वादक मात्र ध्वनिमुद्रणगृहाच्या दाराआड राहत आणि तबकडीच्या वेष्टनावरही त्यांची नावे क्वचितच छापली जात.

राज कपूर यांच्या आर. के. फिल्म्सच्या अब दिल्ली दूर नहीं (१९५७) या चित्रपटाद्वारे दत्ताराम स्वतंत्र संगीतकार झाले. त्यानंतर परवरिश, कैदी नं. ९११ (१९५९), काला आदमी आणि श्रीमान सत्यवादी (दोन्ही १९६०), जिंदगी और ख्वाब (१९६१) या चित्रपटांना त्यांनी संगीत दिले. परवरिशमधील मुकेश यांनी गायलेले करुण एकल गीत यमन कल्याणाच्या छायेतले असून ते त्यांच्या कीर्तीचा मुख्य आधार ठरले; तालवादकाने रचलेल्या या चालीत ताल मागे राहून स्वराला पुढे जाऊ देतो, हे विशेष. हे चित्रपट बहुतांशी मर्यादित खर्चाचे होते आणि नामवंत निर्मात्यांचे काम त्यांच्याकडे सातत्याने आले नाही. संगीतकार झाल्यावरही त्यांनी सहायकपद सोडले नाही. त्यामुळे त्यांची कामगिरी शंकर-जयकिशन यांच्या नावाखालीच अधिक ऐकली गेली. ठेक्याला मात्र त्यांचेच नाव राहिले, आणि हिंदी चित्रपटसंगीतात असा मान फार थोड्या वादकांना मिळाला आहे. गोव्यात त्यांचे निधन झाले.