कात्री आणि सूर

आमच्या लहानपणी जत्रेत तंबूचा सिनेमा येत असे. पहिला खेळ पुरता दाखवला जाई. रात्रीच्या दुसऱ्या खेळाला मात्र एखाद-दुसरे गाणे हमखास गायब व्हायचे. ऑपरेटरचे डोळे मिटत असत, मालकाला तंबू लवकर रिकामा हवा असे. गाणे गाळले तरी गोष्ट अडत नाही, हे त्याला ठाऊक होते. त्यामुळे कात्री पडायची ती नेमकी गाण्यावरच. मग अंधारात शिट्ट्या आणि आरडाओरडा. सकाळी पाणवठ्यावर दुसरा खेळ पाहिलेली माणसे पहिला खेळ पाहिलेल्यांना विचारायची, "ते गाणं होतं का रे तुमच्या वेळी?"

पुढे इतिहासाचा शिक्षक झालो आणि वाचता वाचता एका अमेरिकन गायिकेची हकिगत हाती लागली. तिचीही गाणी चित्रपटातून कापली जात. पण ती कुणा पेंगुळलेल्या ऑपरेटरने कापलेली नव्हती. हॉलिवूडचा सर्वांत बलाढ्य स्टुडिओ तिची गाणी चित्रित करतानाच अशा बेताने करी, की पुढे कुठे कापायची वेळ आली तर गोष्टीला ओरखडाही उठू नये. कारण एकच. गाणारी बाई कृष्णवर्णीय होती. तिचे नाव लीना हॉर्न.

लीनाचा जन्म 30 जून 1917 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. घराणे शिकलेले, सुस्थितीतले. आजी कोरा हॉर्न ही कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणारी करारी बाई. त्या समाजाची मोठी संघटना 'एनएएसीपी', म्हणजे कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठी झगडणारी राष्ट्रीय संस्था, हिच्या 1919 सालच्या एका पत्रिकेवर दोन वर्षांच्या लीनाचे छायाचित्र छापले गेले होते. चळवळीचा वारसा तिला असा पाळण्यातच मिळाला म्हणायचा. मात्र घरातले सुख टिकले नाही. वडील टेडी हॉर्न जुगाराच्या धंद्यातले. ते लवकरच घर सोडून गेले. आई एड्ना फिरत्या नाटक कंपनीत काम शोधत हिंडे. पोर कधी आजीकडे, कधी आईबरोबर दक्षिणेकडच्या गावांत, कधी परक्यांच्या घरी, तर कधी जॉर्जियात शिक्षक असलेल्या काकांकडे. शाळा सतत बदलत गेल्या. मुख्याध्यापक म्हणून असे दाखले हाती आले की माझी नजर नावावर थोडी जास्त वेळ रेंगाळते. असली मुले एक तर मिटून जातात, नाही तर लवकर मोठी होतात. लीनाच्या बाबतीत दोन्ही घडले.

1933 साली, सोळाव्या वर्षी, ती हार्लेममधल्या 'कॉटन क्लब'मध्ये समूहनृत्यात उभी राहिली. वस्ती कृष्णवर्णीयांची, गाणारे-नाचणारे-वाजवणारे सगळे कृष्णवर्णीय. समोर बसणारे गिऱ्हाईक मात्र फक्त गोरे. त्याच वर्षी त्याच क्लबात एथेल वॉटर्स या थोर गायिकेने हॅरल्ड आर्लन आणि टेड कोहलर यांचे 'स्टॉर्मी वेदर' हे नवे गाणे गाऊन गाजवले होते. वादळी हवेचे, विरहाचे ते गाणे. हेच गाणे पुढे आपल्या नावाला जन्मभर चिकटणार आहे, हे त्या कोवळ्या मुलीला तेव्हा कुठले ठाऊक?

त्यानंतरची काही वर्षे धडपडीची गेली. नोबल सिसल यांच्या वाद्यवृंदात गाणे झाले, 1937 साली लुई जोन्स यांच्याशी लग्न झाले, गेल आणि टेडी ही मुले झाली आणि संसार मोडला. मुलगी आईकडे राहिली, मुलगा वडिलांकडे. मग चार्ली बार्नेट या गोऱ्या वादकाच्या वाद्यवृंदात ती गाऊ लागली. संचात ती एकटी कृष्णवर्णीय. दौऱ्यात कुठे मुक्कामाला खोली मिळत नसे, कुठे जेवायला टेबल. ज्या दाराने गिऱ्हाईक आत येई, त्या दाराने गाणारीला प्रवेश नव्हता. पंगतभेद पाहिलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

1941 साली ती न्यूयॉर्कच्या 'कॅफे सोसायटी'त गाऊ लागली. गोरे-काळे प्रेक्षक तिथे शेजारी-शेजारी बसत. त्या काळी ही अपूर्वाई होती. इथेच तिला पॉल रोबसन भेटले. आपल्याकडे भूपेन हजारिकांच्या गंगेवरच्या गाण्यामागची प्रेरणा म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, तेच हे रोबसन. ते तिच्या आजीला ओळखत होते. तू कुणाच्या घरातली आहेस, हे त्यांनी तिला नव्याने सांगितले. ही ओळख पुढे तिला महागात पडली. पण तिच्या पाठीचा कणाही याच ओळखीने ताठ केला.

1942 साली 'मेट्रो-गोल्डविन-मेयर' या स्टुडिओने तिच्याशी दीर्घ मुदतीचा करार केला. बड्या स्टुडिओने असा करार केलेले कृष्णवर्णीय कलावंत तोवर बोटांवर मोजण्याइतकेच होते. करारापूर्वीचा प्रसंग मोठा नाट्यमय आहे. मुलीला लहानपणी टाकून गेलेले टेडी हॉर्न या वेळी मात्र तिच्यामागे उभे राहिले. झकास पोशाखात ते स्टुडिओचे सर्वेसर्वा लुई मेयर यांच्यापुढे बसले आणि त्यांनी सुनावले, की माझ्या मुलीसाठी मोलकरीण ठेवण्याची ऐपत माझ्यात आहे. तिने पडद्यावर मोलकरीण व्हावे, हे मला नको. 'एनएएसीपी'चे वॉल्टर व्हाइट यांचाही हाच आग्रह होता. मोलकरीण नाही, जंगलातली रानटी बाई नाही, असे ठरले.

या करारीपणाची दुसरी बाजूही इतिहासाने नोंदली पाहिजे. हॉलिवूडमधल्या अनेक कृष्णवर्णीय नटनट्यांची चूल त्या मोलकरणीच्या भूमिकांवरच पेटत होती. ही कोण नवी आली, हिच्यामुळे आमचे काम जाईल, अशी भीती त्यांना वाटली आणि तिच्याविरुद्ध सभाही झाली. अशा वेळी तिला घरी बोलावून धीर दिला तो हॅटी मॅकडॅनियल यांनी. 'गॉन विथ द विंड'मधल्या दाईच्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळवणारी ही पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री. 1940 सालच्या त्या समारंभात तिलाही वेगळ्या टेबलाशी बसवले होते. एकीने मोलकरणीची कामे करून मान मिळवला, दुसरीने ती नाकारून. पण दोघींना एकमेकींची अडचण कळली होती. आपल्याकडे मोठ्या चळवळींत असा समजूतदारपणा क्वचितच दिसतो.

मोलकरीण नाही, हे ठरले खरे. मग काय, हे मात्र कुणालाच ठरवता येईना. सुंदर, सुशिक्षित, ताठ मानेची कृष्णवर्णीय स्त्री गोष्टीत बसवायची कुठे? स्टुडिओने पळवाट काढली. 'पनामा हॅटी', 'थाउजंड्स चीअर' अशा चित्रपटांत ती येई, उंची झगा घालून एखाद्या खांबाला टेकून गाई आणि निघून जाई. गोष्टीतल्या कुणाशी तिचे बोलणे नाही, नाते नाही. मग दक्षिणेकडच्या राज्यांत चित्रपट गेला की तेवढी फीत काढून टाकायची. मेम्फिससारख्या शहरांतले परीनिरीक्षक कृष्णवर्णीय कलावंतांच्या दृश्यांवर कात्री चालवण्यासाठी कुप्रसिद्धच होते. न्यूयॉर्कमधला प्रेक्षक तिच्यावर लुब्ध होता. मेम्फिसच्या प्रेक्षकाला ती त्या चित्रपटात होती, याचा पत्ताही लागत नसे.

1943 साली दोन चित्रपट आले, ज्यांत सारेच प्रमुख कलावंत कृष्णवर्णीय होते: 'केबिन इन द स्काय' आणि 'ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स'चा 'स्टॉर्मी वेदर'. या दोन्हींत ती गोष्टीच्या आत होती. दुसऱ्या चित्रपटात तिने ते नावाचेच गाणे गायले आणि ती देशभर प्रसिद्ध झाली. पण ही वाट तिथेच संपली.

रंगाची गंमत पाहा. तिची कांती गव्हाळ. पडद्यावर ती गोरी वाटेल, ही स्टुडिओला एक चिंता. म्हणून तिच्यासाठी एक गडद रंगलेप तयार झाला, 'लाइट इजिप्शियन' नावाचा. दुसरीकडे याआधीच तिला सल्ले मिळाले होते, की तू स्वतःला स्पॅनिश म्हणवून घे, नाव बदल, सगळी दारे उघडतील. तिने ते साफ नाकारले. दोन भाषांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्या घरांना हा सल्ला काही परका नाही. आडनाव जरा निराळे सांगितले, घरची बोली दाराबाहेर ठेवली, की काम लवकर होते, असे सांगणारे हितचिंतक आपल्यालाही भेटतात. त्यात वाईट हेतू नसतोच; पण एकदा मान डोलावली की मग आपण कुणाचे, हे आपल्यालाच विचारावे लागते.

त्या रंगलेपाचा शेवट तर विलक्षण आहे. 'शो बोट' या प्रसिद्ध संगीतिकेत ज्यूली नावाची गायिका आहे; रक्ताने अर्धी कृष्णवर्णीय, गोऱ्याशी विवाह केलेली आणि भेद उघडा पडल्यावर देशोधडीला लागलेली. 1946 सालच्या एका चित्रपटातल्या छोट्या भागात लीनाने ही ज्यूली गाऊन दाखवली होती. पण 1951 साली पूर्ण 'शो बोट' झाला, तेव्हा भूमिका गेली गोऱ्या एव्हा गार्डनरकडे. चित्रपटांच्या नियमावलीत गोऱ्या-काळ्यांच्या शरीरसंबंधाचे, विवाहाचे चित्रण निषिद्ध होते ना! एव्हाला सावळे करण्यासाठी लीनासाठीचाच तो लेप वापरला गेला, असे लीना सांगत असे. दोघी मैत्रिणी होत्या. मैत्री तुटली नाही. मात्र हॉलिवूडचा तिला वीट आला.

पडद्यावर निषिद्ध असलेले ते नाते तिच्या आयुष्यात खरेच आले होते. 1947 साली तिने स्टुडिओचे गोरे संगीतकार लेनी हेटन यांच्याशी पॅरिसला जाऊन लग्न केले, कारण कॅलिफोर्नियात त्या वेळी असा विवाह बेकायदा होता. पुढे तीन वर्षे त्यांनी ते जगापासून लपवले.

महायुद्धातला एक प्रसंग मात्र सांगायलाच हवा. सैनिकांच्या करमणुकीसाठी ती छावण्यांतून गात असे. एका छावणीत तिने पाहिले, की पुढच्या रांगांत जर्मन युद्धकैदी बसले आहेत आणि अमेरिकेसाठी लढणारे कृष्णवर्णीय सैनिक त्यांच्या मागे. शत्रू पुढे, कारण तो गोरा! ती मंचावरून उतरली, कैद्यांच्या रांगा ओलांडून मागे गेली आणि जर्मनांकडे पाठ करून आपल्या सैनिकांसमोर गायली. पुढे ती स्वतःच्या खर्चाने छावण्यांत जात राहिली.

1950 साली कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा संशय घेतलेल्या कलावंतांची यादी छापली गेली. रोबसनशी मैत्री आणि हक्कांच्या सभांना हजेरी, एवढ्यावर लीनाचे नाव त्यात आले. चित्रपट आणि दूरचित्रवाणी तिला जवळजवळ बंद झाली. 1953 साली तिला पत्र लिहून आपली बाजू खुलासेवार मांडावी लागली. हे पत्र वाकण्याचे होते, असे कुणी म्हणेल. पोटापाण्यासाठी माणूस किती वाकतो, याचा हिशेब घरात बसून करणे सोपे असते. तिने गाणे सोडले नाही. हॉटेलांच्या मैफलीत ती गात राहिली. 1957 सालची वॉल्डॉर्फ-अस्टोरिया हॉटेलातली तिची ध्वनिमुद्रिका तडाखेबंद खपली आणि त्याच वर्षी ब्रॉडवेवर आलेल्या तिच्या 'जमैका' या संगीतिकेचे पाचशेहून अधिक प्रयोग झाले.

1963 साल तिच्या आयुष्यातले वळण ठरले. मे महिन्यात जेम्स बाल्डविन यांच्याबरोबर ती रॉबर्ट केनेडी यांना भेटली. जूनमध्ये मिसिसिपीच्या जॅक्सन शहरात मेडगर एव्हर्स यांच्या सभेत गायली. काही दिवसांतच, 12 जूनला, एव्हर्स यांची हत्या झाली. 28 ऑगस्टला वॉशिंग्टनच्या ऐतिहासिक मोर्चात ती होती. आजीने लहानपणी बोट धरून दाखवलेली वाट तिला सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सापडली.

मग काळाने घाव घातले. 1970-71 या दोन वर्षांत वडील, तरुण मुलगा टेडी आणि पती हेटन असे तिघेही गेले. लोकांना वाटले, आता संपले.

संपले नव्हते. मे 1981 मध्ये, वयाची 64 वर्षे पुरी होत असताना, तिने ब्रॉडवेवर एकटीच्या बळावर एक कार्यक्रम उभा केला: 'लीना हॉर्न : द लेडी अँड हर म्युझिक'. ती गाई आणि मध्ये-मध्ये आपली कहाणी सांगे; त्या खांबाची, त्या कात्रीचीही, हसत-हसत. 333 प्रयोग झाले. शेवटचा प्रयोग 30 जून 1982 रोजी, तिच्या पासष्टाव्या वाढदिवशी. टोनी पारितोषिकाचा खास सन्मान तिला मिळाला.

या कार्यक्रमात ती 'स्टॉर्मी वेदर' दोनदा गात असे. एकदा पूर्वार्धात, जुन्या हॉलिवूडच्या पद्धतीने; सुरेख, घोटीव, अंतर राखून. आणि एकदा शेवटाकडे, सगळे सोसून झालेल्या बाईच्या आवाजात. उघडे, खरखरीत, पोटातून आलेले. शब्द तेच, चाल तीच. पहिले गाणे कापता येण्यासारखे होते. दुसऱ्याला कात्री लावायला जागाच नव्हती, कारण आता गाणे म्हणजेच गोष्ट झाली होती.

9 मे 2010 रोजी, 92व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये लीना हॉर्न निवर्तली. 2022 साली ब्रॉडवेवरच्या एका जुन्या नाट्यगृहाला तिचे नाव दिले गेले. कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव मिळालेले ब्रॉडवेवरचे ते पहिले नाट्यगृह. ज्या बाईला खांबाला टेकून उभे केले होते, तिच्या नावावर आता अख्खी वास्तू उभी आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका दर वर्षी माझ्या सहीसाठी येते. वेळ झाला तर गाळता येतील, असे दोन-तीन कार्यक्रम शिक्षक शेवटी ठेवतात. लीनाची हकिगत वाचल्यापासून मी ती नावे आधी वाचतो. बहुधा ती वस्तीतल्या, मागच्या बाकांवरच्या, वर्गात कमी बोलणाऱ्या मुलांची असतात. अलीकडे मी पेन्सिलीने त्यांचे आकडे बदलून त्यांना वर घेतो. वेळ झालाच, तर माझे भाषण गाळावे.