मानमोडी : शके १८४० ची विसरलेली साथ

प्लेगची आठवण मराठी माणसाला वेगळी करून द्यावी लागत नाही. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला. पुढच्या वर्षी पुण्यात रँडच्या अंमलाखाली घरांच्या झडत्या झाल्या. १० मार्च १८९७ रोजी रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली. हे सारे शाळेच्या पुस्तकात आहे, नाटकांत आणि चित्रपटांत आहे, आजी-आजोबांच्या गोष्टींतही आहे.

त्यानंतर बावीस वर्षांनी, शके १८४० म्हणजे १९१८ साली, आणखी एक साथ आली. प्लेगने हिंदुस्थानात पंचवीस वर्षांत सुमारे एक कोटी माणसे नेली. या दुसऱ्या साथीने तेवढी किंवा त्याहूनही अधिक माणसे अवघ्या चार-सहा महिन्यांत नेली. अभ्यासकांचे अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातात. तरीही तिच्या नावाने एखादा पुतळा नाही, चौक नाही, पुस्तकात धडा नाही. महाराष्ट्रातल्या खेड्यांतले जुने लोक तिला ‘मानमोडी’ म्हणत, कागदोपत्री ती ‘इन्फ्लुएंझा’ होती. एवढे मोठे संकट आपण विसरलो कसे, याचे बरेचसे उत्तर त्या रोगाच्या स्वभावातच सापडते.

१० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. हा ताप हिवतापाचा नव्हता. महायुद्ध चालू होते, सैनिकांची जहाजे गोदीत ये-जा करत होती. थोड्याच दिवसांत गोदीतले मजूर, पेढ्यांतले कारकून, गिरण्यांतले कामगार आजारी पडू लागले. ही पहिली लाट तशी सौम्य होती. तीन-चार दिवस ताप यायचा, अंग मोडून निघायचे आणि माणूस पुन्हा कामाला लागायचा. पावसाळ्यात ती ओसरली तेव्हा संकट टळले असेच सर्वांना वाटले.

दुसरी लाट भाद्रपद सरता सरता आली. या वेळी रोगाचे रूप पालटले होते. सकाळी धडधाकट असलेला तरुण संध्याकाळी अंथरुणाला खिळायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला धाप लागायची, ओठ व चेहरा निळसर पडायचा आणि काहीजण तर दोन दिवसांतच जात. ६ ऑक्टोबर १९१८ रोजी, ऐन नवरात्राच्या तोंडावर, एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. सैनिकांबरोबर आणि प्रवाशांबरोबर रेल्वेच्या मार्गाने साथ आत शिरली. मुंबई इलाख्यात, ज्यात तेव्हा बेळगाव, धारवाड आणि विजापूरही येत, दहा लाखांहून अधिक माणसे मेली. मध्य प्रांत व वऱ्हाडाची स्थिती तितकीच वाईट होती.

त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. पिके बुडाली होती, युद्धामुळे धान्य महागले होते, अर्धपोटी माणसांच्या अंगात रोगाशी झुंजण्याची ताकद नव्हती. मुंबईतल्या मृत्यूंचे आकडे समाजवार पाहिले तर ही गोष्ट लख्ख दिसते. युरोपियनांत हजारी सुमारे ८ माणसे गेली, पारशांत सुमारे ९, सवर्ण हिंदूंत सुमारे १९, आणि ज्यांना तेव्हा अस्पृश्य गणले जाई त्यांच्यात हजारी ६१ हून अधिक. विषाणू एकच होता. फरक होता तो खोलीत किती माणसे झोपतात, घरात धान्य किती आहे आणि आजाऱ्याला पाणी द्यायला कोणी उभे आहे का, याचा. देशभर पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक प्रमाणात गेल्या. आजाऱ्यांची शुश्रूषा त्याच करत आणि सर्वांत शेवटी जेवतही त्याच.

आता त्या काळच्या डॉक्टरांकडे पाहू. प्लेगच्या वेळी त्यांच्या हाती काही तरी होते. १८९४ साली हाँगकाँगमध्ये येर्सिनने प्लेगचा जंतू शोधला होता आणि १८९७ च्या जानेवारीत हाफकिनने मुंबईत आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. इन्फ्लुएंझाच्या बाबतीत मात्र वैद्यकशास्त्र चुकीच्या वाटेवर होते. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने रोग्यांच्या कफात एक जीवाणू पाहिला आणि हाच इन्फ्लुएंझाचे कारण असे जाहीर केले. १९१८ मध्ये जगभरच्या प्रयोगशाळा तोच जीवाणू शोधत होत्या. तो काही रोग्यांत सापडे, काहींत सापडत नसे. खरा अपराधी त्या काळच्या सूक्ष्मदर्शकाला दिसणे शक्यच नव्हते. एका मिलिमीटरच्या रेषेवर सुमारे दहा हजार बसतील इतका तो लहान होता.

तो हाती लागायला आणखी पंधरा वर्षे लागली. १९३१ मध्ये अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी डुकरांच्या इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा केला. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी रोग्याच्या घशातला स्राव बारीक गाळणीतून गाळला आणि फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात घातला. फेरेटला ताप आला, शिंका आल्या. जीवाणू गाळणीत अडकतात, तरी गाळलेल्या द्रवाने रोग झाला, म्हणजे कारण जीवाणूहून लहान होते.

हा विषाणू म्हणजे चरबीच्या पातळ वेष्टनातले आरएनएचे आठ तुकडे. या आठ तुकड्यांत त्याची सारी कुंडली असते. वेष्टनावर दोन प्रकारचे काटे असतात. पहिल्याचे नाव हिमॅग्लुटिनिन, म्हणजे ‘एच’. आपल्या श्वासनलिकेच्या पेशींवर जे साखरेचे रेणू असतात त्यांना हा काटा चिकटतो आणि विषाणू पेशीत शिरतो. आत गेल्यावर तो पेशीलाच आपल्या प्रती काढायला लावतो. काही तासांतच तयार झालेले नवे विषाणू पेशीच्या कातडीला चिकटलेले असतात. त्यांना सोडवून बाहेर काढायचे काम दुसरा काटा, न्यूरामिनिडेज म्हणजे ‘एन’, करतो. २००९ च्या स्वाइन फ्लूत घरोघरी माहीत झालेली टॅमीफ्लूची गोळी याच दुसऱ्या काट्याला बांधून ठेवते. १९१८ चा विषाणू एच१एन१ होता.

ताप, थंडी, अंगदुखी ही बहुतांशी विषाणूने थेट केलेली इजा नसते. शत्रू आत आल्याची सूचना देण्यासाठी आपलेच शरीर जी रसायने रक्तात सोडते, त्यांचा तो परिणाम असतो. ‘मानमोडी’ हे नाव ज्यांनी ठेवले त्यांना विषाणू ठाऊक नव्हता, पण मानेपासून पायापर्यंत मोडून काढणारी ती वेदना त्यांनी अचूक पकडली होती. विषाणूची खरी इजा श्वासमार्गात होते. तिथल्या पेशींवर बारीक केसांसारखे तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ आणि जंतू वर, घशाकडे ढकलतात. विषाणूमुळे या पेशी मरतात आणि तो झाडूच बंद पडतो. मग एरवी नाका-घशात निवांत राहणारे जीवाणू फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. १९१८ च्या रोग्यांच्या जतन केलेल्या फुप्फुसांचे नमुने पुढे तपासले गेले, तेव्हा बहुतेक मृत्यू या मागून आलेल्या न्यूमोनियाने झाल्याचे दिसले. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा. १९१८ मध्ये विश्रांती, पाणी आणि सेवा हेच काय ते औषध होते. मुंबईत नारायण मल्हार जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक चाळींतून फिरले. त्यांनी किती जीव वाचवले याची मोजदाद नाही, पण त्या दिवसांत वेळेवर पोहोचलेले पाणी आणि पेज यांचे मोल औषधाहून कमी नव्हते.

नेहमीचा फ्लू लहान मुले आणि म्हातारी माणसे यांना धोक्याचा असतो. १९१८ मध्ये मात्र वीस ते चाळीस वयाची माणसे मोठ्या संख्येने गेली. असे का झाले यावर आजही वाद आहे. काहींच्या मते तरुण शरीराचा प्रतिकारच इतका जोरदार झाला की त्याने फुप्फुसे भरून टाकली. काहींच्या मते त्या पिढीला बालपणी वेगळ्या जातीचा फ्लू भेटला होता आणि तिची तयारी चुकीच्या शत्रूसाठी झाली होती. कारण काहीही असो, परिणाम मात्र स्पष्ट होता. घरातले कमावते हात आणि लेकुरवाळ्या सुना गेल्या, मागे आजी-आजोबा आणि पोरकी नातवंडे उरली. आपली मुले हिंदीच्या पुस्तकात ज्यांच्या कविता वाचतात त्या निराला यांची पत्नी मनोहरादेवी याच साथीत गेल्या. घरातली आणखीही माणसे गेली. डलमऊच्या गंगेत वाहणारी प्रेते पाहिल्याचे त्यांनी ‘कुल्ली भाट’मध्ये लिहून ठेवले आहे.

आता विसरण्याकडे येतो. प्लेगला चेहरा होता. काखेत गाठ यायची, उंदीर पडायचे, लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे. सरकारी जुलूम होता, त्याविरुद्धचा राग होता, बलिदान होते. आणि तो वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा येत राहिला. मानमोडीला यातले काहीच नव्हते. ती तापासारखी आली, दोन महिन्यांत कापत गेली आणि निघून गेली. तेव्हा खेड्यातल्या मृत्यूची वर्दी पाटील किंवा कोतवाल देत असे आणि कारणाच्या रकान्यात बहुधा एकच शब्द पडे : ‘ताप’. हिवतापाने गेलेला, विषमज्वराने गेलेला आणि मानमोडीने गेलेला, सगळे त्या एका शब्दाखाली आले. संस्थानी मुलखात तर अनेक ठिकाणी नोंदीच अपुऱ्या होत्या, म्हणून आपल्या माळव्यासारख्या प्रदेशातला खरा आकडा अंदाजानेच काढावा लागतो. साथीचा पुरावा शेवटी दिला तो खानेसुमारीने. १९११ ते १९२१ या एकाच दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

सरकारी दप्तरात काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या रकान्याचे महत्त्व जास्त जाणवते. महायुद्धात सुमारे ७४ हजार हिंदी सैनिक मेले. त्यांच्या स्मरणार्थ दिल्लीत इंडिया गेट उभे राहिले, त्यावर १३ हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. त्याच वर्षी घरात मेलेल्या कोट्यवधींचे नाव दगडावर सोडा, कागदावरही धडपणे आले नाही.

गंमत म्हणजे विषाणूची आठवण मात्र आपल्यापेक्षा चांगली टिकली. अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन या वस्तीत नोव्हेंबर १९१८ मध्ये ८० पैकी ७२ प्रौढ पाच दिवसांत मेले आणि गोठलेल्या जमिनीत पुरले गेले. जोहान हल्टिन यांनी १९५१ मध्ये आणि पुन्हा १९९७ मध्ये तिथून फुप्फुसांचे नमुने आणले. त्यांवरून जेफ्री टाउबेनबर्गर यांच्या गटाने आठही तुकड्यांची संपूर्ण कुंडली २००५ मध्ये पुरी केली. नक्कल करताना हा विषाणू सतत लहान-लहान चुका करतो, म्हणून दरवर्षी थोडा बदलतो. दोन जातींचे विषाणू एकाच पेशीत भेटले तर तुकड्यांची अदलाबदल होऊन नवीच जात निघते. १९५७, १९६८ आणि २००९ च्या साथी अशाच अदलाबदलीतून आल्या. २००९ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात शाळा आणि चित्रपटगृहे बंद झाली, तेव्हा तरुणांपेक्षा साठीच्या पुढची माणसे कमी आजारी पडली. त्यांच्या लहानपणी १९१८ च्या विषाणूचे वंशज फिरत होते आणि शरीराने ती ओळख जपून ठेवली होती.

शरीराने जपले ते आपणही कागदावर जपायला हवे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी होळकरशाहीपासूनच्या वंशावळी आहेत. त्या उघडून पाहाव्यात. १९१८ च्या आश्विन-कार्तिकात एकदम थांबलेली एखादी शाखा, त्या वर्षी झालेले दत्तकविधान, पुढच्याच वर्षीचा बिजवराचा विवाह असे काही दिसले तर त्यामागे मानमोडी असण्याचा बराच संभव आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि उज्जैनच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही नावे मिळू शकतील. सुनांची नावे विशेष करून शोधावीत, कारण वंशावळीत त्यांना जागाच नसे.

आणि दुसरे, अधिक जवळचे काम. करोनात गेलेली आपली माणसे अजून आपल्या आठवणीत ताजी आहेत. त्यांचे नाव, वय, गाव, तारीख आणि मृत्यूचे खरे कारण प्रत्येक कुटुंबाने आपल्या वंशावळीत आजच लिहून ठेवावे. मंडळाने अशी एक वही ठेवली तर तीही पुढच्या पिढ्यांच्या उपयोगी पडेल. शंभर वर्षांनी कोणी शोधायला बसला, तर त्याला ‘ताप’ एवढ्या एका शब्दावर थांबावे लागू नये.